एकोणीस नंबरची दीर्घिका

"ही दीर्घिका माझी आहे," मी म्हटलं.

पडद्यापाशी उभा असलेला श्रीपाद घैसास वळला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, वरून बघत बोलायची त्याला सवय होती.

"चौगुलेबाई, हिचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. हिच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव कधी चढलं?"

खोलीतले सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या यादीत ती सात नंबरला आहे. तीन आठवडे मी तिच्यावर बसलेय. अजून कुणाला दाखवलीही नव्हती. तुमच्याकडे आली कुठून?"

"मला ही..." तो बोलायला लागला, तेवढ्यात राजाध्यक्ष मॅडमनी हात वर केला.

"पुरे. जे आहे ते सगळं ग्रुपचं आहे. वृषाली, खाली बस. श्रीपाद, पुढे चला."

मी बसले. मॅडम माझ्या गाईड होत्या, त्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. पण बसताना मनात एक नाव पक्कं झालं होतं. चोर घैसास.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. पुण्यातल्या आमच्या संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिथे मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होते आणि घैसास परदेशातून डॉक्टरेट करून तीन वर्षांच्या करारावर आलेला. आम्हा दोघांत पहिल्या दिवसापासून विस्तव जात नव्हता. मी इचलकरंजीची, बोलायला फटकळ. तो अपमानसुद्धा व्याकरणशुद्ध करणारा. माझ्या पहिल्याच भाषणानंतर तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "निष्कर्ष चांगला आहे, फक्त पुराव्याची वाट न बघता आला." तेव्हापासून मी त्याला चहासुद्धा विचारला नव्हता.

आमचं काम थोडक्यात सांगते. नवे तारे जन्माला येतात ते धुळीत. ती धूळ ताऱ्यांचा उजेड गिळते, त्याने तापते, आणि ती ऊब अवरक्त किरणांत बाहेर टाकते. दीर्घिका फार दूरची असली की वाटेत ही लहर ताणली जाते आणि आपल्यापर्यंत येईतो सबमिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरहून थोडीच आखूड, होते. साध्या दुर्बिणीतून जिथे नुसता काळोख दिसतो, तिथे सबमिलिमीटरच्या नकाशात एक पांढरट डाग उमटतो. हवाई बेटावरच्या एका डोंगरावरून आम्हाला असे नकाशे मिळायचे. त्यातले डाग वेचायचे आणि अंतराळातल्या दुर्बिणीने घेतलेल्या अवरक्त चित्रांत त्याच जागी काय आहे ते पाहायचं. नकाशात ठळक, पण अवरक्त चित्रात गायब, असा डाग सापडला की तो बहुधा सगळ्यात दूरचा. तसला एक सापडावा म्हणून माणसं आयुष्य घालवतात. माझी सात नंबर तशी होती.

त्या शनिवारी मी तडक इचलकरंजीला घरी गेले. माझे वडील, आण्णा, आमच्या मागांच्या कारखान्यात कापड तपासत होते. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावलेली असायची, त्यावरून ताग्याचं कापड सरकवत ते तुटका धागा, गाठ, डाग हुडकायचे. मी करते तेच काम, त्यांचा नकाशा सुती, एवढाच फरक. मी सगळं सांगितलं. ते कापडावरची नजर न हलवता ऐकत होते.

"तूच काढलीस ती, हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"माझ्या यादीत आहे की."

"यादी काय, कुणीबी लिहील. कापडात काय खूण हाय का तुझी?"

"दीर्घिकेला कसली खूण करणार, आण्णा?"

त्यांनी कापड सरकवायचं थांबवलं. "आपला माल चोरून बाहेर जायचा. दोन वर्षं जात हुता. समद्यांचा संशय मारुतीवर, रातपाळीचा कामगार. मी कुणाला काय बोललो न्हाई. काठाला एक हिरवा धागा घालून घेतला. लांबनं दिसतच न्हाई. म्हैन्याभरानं बाजारात दुसऱ्याच्या दुकानात तागा उलगडला, हिरवा धागा. कुणी इकला म्हणून इचारलं तर तुझ्या काकाचं नाव."

काका आमच्याकडे येत नाहीत हे मला माहीत होतं, का ते नव्हतं.

"मग?"

"मग काय? चारचौघांत सांगितलं. वीस वर्षं झाली, बोलत न्हाई. पण मारुती अजून कामाला हाय." त्यांनी पुन्हा कापड पुढे ओढलं. "चोर घरचाच निघाला की लई जड जातं. पण सांगावं लागतं."

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तो हिरवा धागाच होता.

आमच्या धंद्यात खोट्या दीर्घिका बनवायची रीतच आहे. आपली आज्ञावली खरे डाग नीट पकडते की नाही हे पाहायला आम्ही नकाशात मुद्दाम बनावट डाग पेरतो आणि त्यातले किती सापडतात ते मोजतो. चाचणी झाली की तो नकाशा पुसून टाकायचा असतो. मी एकच डाग पेरला, माझ्या स्वतःच्या फोल्डरमधल्या प्रतीत, आणि पुसला नाही. दुर्बिणीला ठिपका जसा दिसतो अगदी त्याच आकाराचा, हाव सुटेल इतका ठळक. जागा अशी निवडली की अवरक्त चित्रात तिथे काहीही नव्हतं. यादीत त्याला एकोणीस नंबर दिला आणि शेजारी लिहिलं, 'फार महत्त्वाची, अजून कुणाला सांगू नये'.

एक गोष्ट मात्र मी जाणून केली. डाग फक्त तयार नकाशात घातला. दुर्बिणीकडून येणाऱ्या कच्च्या निरीक्षणांना हात लावला नाही. म्हणजे जो कुणी कच्च्यापासून नकाशा पुन्हा बनवून खात्री करेल, त्याला एकोणीस दिसणारच नाही. अडकला तर फक्त उचलेगिरी करणारा अडकेल.

मग एका कागदावर एकोणीसची जागा, ठळकपणा, तारीख आणि 'ही मी बनवली आहे, चोर पकडण्यासाठी' एवढं लिहून सही केली. लखोटा डिंकाने बंद करून रजिस्टर पोस्टाने आण्णांच्या नावे पाठवला. वर लिहिलं, 'उघडू नका. जपून ठेवा.'

माझ्या फोल्डरमधलं ग्रुपमधल्या दोघांनाच वाचता यायचं. घैसासला, कारण सामायिक फोल्डरची आणि यंत्रांची देखभाल त्याच्याकडे होती. आणि मॅडमना, कारण प्रकल्प त्यांचा होता. मॅडमचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला ताप आला तेव्हा तीन दिवस होस्टेलवर डबा पाठवणारी बाई ती. माझं पहिलं मराठमोळं इंग्रजी भाषण शब्दन् शब्द घोटून घेणारी. मला आई नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

महिना गेला. एप्रिलमध्ये चिलीच्या वाळवंटातल्या मोठ्या दुर्बीण-ताफ्याकडे अर्ज करायची मुदत होती. जगभरातून हजारो अर्ज जातात, वेळ मिळतो मूठभरांना. कुठल्या दीर्घिका पाहायच्या ते ठरवायला बैठक बसली. घैसासने त्याची यादी पडद्यावर टाकली. मी श्वास रोखून वाचली. बारा दीर्घिका, त्यात एकोणीस नव्हती.

'हुशार आहे,' मी मनात म्हटलं. 'शेवटच्या दिवशी काढेल.'

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता मी एक दाखवते. गेला आठवडाभर मी स्वतः नकाशा घेऊन बसले होते. हातानं काम करायचं विसरले की काय, असं मलाच वाटायला लागलं होतं." सगळे हसले. "आणि बघा काय सापडलं."

पडद्यावर डावीकडे सबमिलिमीटरचा नकाशा, मधोमध ठळक पांढरा ठिपका. उजवीकडे तेवढ्याच जागेचं अवरक्त चित्र, रिकामं. मॅडमनी त्या रिकाम्या जागेवर पेन्सिलचं टोक टेकवलं.

"अर्जाची पहिली दीर्घिका ही. माझ्या मते आपल्याला आजवर मिळालेली सगळ्यात दूरची."

तो ठिपका मी माझ्या हाताने घातला होता.

खोलीत टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि मी महिनाभर वाटसरूच्या अंगावर धावून जात होते. हे मला त्या टाळ्या वाजवता वाजवता कळलं, आणि तरी हात थांबले नाहीत. बोलायची वेळ खरं तर तीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घैसास माझ्या टेबलाशी आला. हातात छापलेले दोन नकाशे होते. या आधी तो माझ्या टेबलापर्यंत कधी आला नव्हता.

"उभ्या राहा. बाहेर चला."

"इथेच बोला."

"इथे बोललो तर तुमचीच शोभा होईल."

आम्ही जिन्याच्या वळणावर गेलो. त्याने ते दोन कागद कठड्यावर ठेवले.

"मी काल बसून कच्च्या निरीक्षणांपासून नकाशा पुन्हा केला. अर्ध्या निरीक्षणांचा हा, उरलेल्या अर्ध्यांचा हा. खरी दीर्घिका दोन्हीत दिसते. मॅडमची ती दीर्घिका, तुमच्या फोल्डरमधल्या यादीतली एकोणीस, कशातच नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "ही दीर्घिका तू बनवलीस. आणि मॅडमच्या गळ्यात मारलीस. पुढे-पुढे करायला एवढं खाली जायचं?"

तो मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होता.

"मी मॅडमना ती दिलेलीच नाही," मी म्हटलं.

"मग त्यांच्याकडे उडत गेली?"

"माझ्या फोल्डरमधून गेली. जशी सात नंबर तुमच्याकडे आली तशी."

तो सावकाश म्हणाला, "सात नंबर मला मॅडमनी दिली. म्हणाल्या, 'मी काढलीय, तुम्ही जरा तपासा.' त्या दिवशी तेच सांगत होतो."

आम्ही दोघंही जिन्याखालच्या सायकलींकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता हा निवळेल. माझंही मन थोडं सैल पडलं होतं. पण त्याचा चेहरा आणखी घट्ट झाला.

"म्हणजे हा सापळा माझ्यासाठी होता."

मी मान खाली घातली.

"महिनाभर तू मला चोर समजत होतीस. तोंडावर एकदा विचारलं असतंस तर दोन मिनिटांत मिटलं असतं."

"तुम्ही सरळ उत्तर दिलं असतंत?"

"नसतं दिलं," तो म्हणाला. "तरीही विचारायला हवं होतंस." त्याने कागद गोळा केले. "उद्या अर्जाचं शेवटचं वाचन आहे. परदेशातले दोघं भागीदार पडद्यावर असतील. एकोणीस खोटी आहे हे मी सांगणार. मॅडमना आज संध्याकाळी तसं मेलने कळवतो, पाठीमागून वार करायची आमच्याकडे पद्धत नाही. खोटी कशी झाली ते तू सांगायचं. सांगशील?"

"सांगेन."

"शब्द?"

"शब्द."

लखोट्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. हुकमाचा एक्का वैऱ्याला कशाला दाखवा, असं तेव्हा वाटलं. तो वैरी राहिला नव्हता, हे मात्र डोक्यात शिरत नव्हतं. रागाचीसुद्धा माणसाला सवय होते.

सकाळी साडेनऊला मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. नेहमीची निळ्या काठाची साडी, हातात स्टीलचा डबा. डबा टेबलावर ठेवला.

"थालीपीठं आहेत. खाल्लं नसशील."

"मॅडम, मला तुमच्याशी..."

"आधी हे बघ." त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. शोधनिबंधाचं पहिलं पान होतं. विषय, सात नंबरची दीर्घिका. खाली नावं होती आणि पहिलं नाव माझं. मॅडमचं शेवटी. मधे कुठेही घैसासचं नाव नव्हतं.

"सात तुझीच आहे, वृषाली. त्या दिवशी मी तुला गप्प केलं, ते मला लागून राहिलं होतं. अर्जातही ती आता पहिली असेल. निबंध मे महिन्यात पाठवू. प्रबंधावर जूनमध्ये सही करते, म्हणजे परदेशातून तुला देऊ केलेली नोकरी हातची जायची नाही."

चार वर्षं मी ज्यासाठी राबले ते सगळं त्या एका पानावर होतं. मी ते हातात धरून उभी राहिले.

"आणि एक कर," मॅडम अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या. "तुझं फोल्डर जरा साफ कर. जुने चाचणीचे नकाशे पडून असतात, त्यानं गोंधळ होतो. बैठकीच्या आधी केलंस तर बरं."

त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. त्यांना घैसासची मेल मिळाली होती, आणि एकोणीस कुणी पेरली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ओरडल्या असत्या तर मी ओरडले असते. धमकी दिली असती तर लखोटा काढला असता. त्यांनी डबा दिला.

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसले. पंधरा मिनिटं बसले. मग नकाशा पुसला, यादीतली एकोणीसची ओळही पुसली.

अकराला वाचन सुरू झालं. पडद्यावर परदेशातले दोन चेहरे, टेबलाभोवती आम्ही. घैसास उभा राहिला आणि एकेक करून सगळं मांडलं. कच्ची निरीक्षणं, दोन अर्धे नकाशे, दोन्हीत नसलेली एकोणीस. त्याने एकही वाकडा शब्द वापरला नाही. पडद्यावरचे दोघं पुढे वाकून बघायला लागले.

"श्रीपादचं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "काल त्यांची मेल आल्यावर मीही तपासलं. ती दीर्घिका बनावट आहे. ती अर्जातून काढली आहे. चूक वेळेत लक्षात आली हे आपलं नशीब. पण मला एक प्रश्न पडलाय. मी तो नकाशा आपल्या सामायिक फोल्डरमधून घेतला. आजही तो तिथे आहे. मग त्यात ती घातली कुणी?"

सामायिक फोल्डरमध्ये तो त्यांनीच ठेवला होता, माझ्याकडून उचलून. तिथे सगळ्यांचं एकच लॉगिन होतं, कुणी काय ठेवलं ते कळायची सोय नव्हती.

"त्या फोल्डरची देखभाल कुणाकडे असते?" पडद्यावरच्या एकाने इंग्रजीत विचारलं.

"श्रीपादकडे," मॅडम म्हणाल्या.

घैसास हसला. खरोखर हसला, कारण त्याला माझी खात्री होती. "मॅडम, ती वृषाली चौगुलेंनी बनवली. त्यांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. का बनवली तेही त्या सांगतील." तो माझ्याकडे वळला. "सांगा."

मॅडमही माझ्याकडे वळल्या. "वृषाली, तुझ्या नकाशात ही होती?"

माझ्या वहीखाली ते पहिलं पान होतं. माझं नाव वर असलेलं.

"नाही, मॅडम."

घैसासच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याला आधी समजलंच नाही.

"काल जिन्यात तू मला सांगितलंस," तो म्हणाला. "शब्द दिलास."

"मी असं काही म्हणाले नाही."

"तिचं फोल्डर उघडा. आत्ता."

उघडलं. त्यात तसला नकाशा नव्हता. कुणीतरी घसा खाकरला. आमचं वैर साऱ्या संस्थेला माहीत होतं. सात नंबरवरून मी त्याच्यावर आळ घेतला होता, आता त्याने माझ्यावर घेतला, असा हिशेब प्रत्येकाने मनातल्या मनात केला असणार. पडद्यावरच्या बाईने वही मिटली.

"मला वाटतं," मॅडम हळूच म्हणाल्या, "हा विषय आपण इथेच थांबवावा. श्रीपादच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मला कुणाचं वाईट करायचं नाही."

एखाद्याचा केसाने गळा कसा कापतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. पाहिलं असं म्हणतेय, पण एक टोक माझ्या हातात होतं.

घैसासचा करार मेअखेर संपायचा होता. वाढवला नाही. चौकशी झाली नाही की कागदावर एक अक्षर आलं नाही, नुसती कुजबुज झाली आणि ती त्याच्या आधी सगळीकडे पोचली. पुढे कुठल्याच संस्थेत त्याला जागा मिळाली नाही. कुणीतरी म्हणालं, नाशिककडे शिकवण्या घेतो. खरं-खोटं मी विचारायला गेले नाही.

जायच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. मी उठले नाही. त्याने माझ्यासमोर एक जाड पाकीट ठेवलं.

"सात नंबर. कच्च्यापासून पुन्हा केलीय, दोन्ही अर्ध्यांत आहे. सगळे आकडे आत आहेत." त्याने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "ती खरी आहे, चौगुलेबाई. निदान तिच्याबद्दल तुम्हाला खोटं बोलायची पाळी येणार नाही."

पुन्हा 'तुम्ही' झालं होतं.

सात नंबर खरीच निघाली. चिलीच्या ताफ्याने तिच्यातल्या वायूच्या दोन रेषा पकडल्या आणि अंतर पक्कं झालं. बाराशे कोटी वर्षांपूर्वीचा उजेड. पुष्कळ कौतुक झालं. निबंधात मी घैसासचे आकडे वापरले. आभारातसुद्धा त्याचं नाव नव्हतं. मॅडमनी जूनमध्ये सही केली, पेढे वाटले, आणि परदेशी जाताना स्टेशनवर मला जवळ घेऊन रडल्या. ते रडणं खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. आता माझ्या हाताखाली पाच मुलं काम करतात. त्यांच्या फोल्डरांचा पासवर्ड मला नको, असं मी पहिल्या दिवशीच सांगते. त्यांना वाटतं बाई फार तत्त्वाच्या आहेत.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. पदवी घेऊन मी घरी गेले तेव्हाचं.

आण्णा कारखान्यात होते. मारुती बाहेर मागांवर होता, आता पार म्हातारा झालेला. मला बघून त्याने कपाळाला हात लावला आणि ओरडला, "डाक्टरीणबाई आली!" आण्णांनी काचेच्या टेबलावरचा दिवा बंद केला, हात धोतराला पुसले, कपाट उघडलं आणि माझा लखोटा काढला. डिंक तसाच होता. वर पोस्टाचा शिक्का, खाली माझं अक्षर, 'उघडू नका'.

"घे तुझी ठेव," ते म्हणाले. "सापडला का चोर?"

"सापडला."

"धाग्यानं?"

"धाग्यानंच."

ते समाधानाने खुर्चीत टेकले. मग मला न दुखवता विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घरचाच निघाला का गं?"

बाहेर माग खडखडत होते. दारातून मारुतीची वाकलेली पाठ दिसत होती.

"नाही, आण्णा," मी म्हटलं. "बाहेरचाच होता. काढून टाकला त्याला."

"बरं झालं," आण्णा म्हणाले. "सुटलीस बघ. नशिबाची हाईस."